इंग्लंड-वेल्समधल्या पायवाटा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी पहिल्या उन्हाळ्यात जे विचारतात, ते सगळं एका जागी. उत्तरं इंग्लंड आणि वेल्सपुरती आहेत. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, त्याचा प्रश्न खाली आहे.

कुणाच्या तरी शेतातून जायचं, मग मालकाला विचारायला नको का?

नको. सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि सगळ्यात जास्त लोक याच भीतीने परत फिरतात. पाटीवर 'पब्लिक फुटपाथ' लिहिलेलं असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो सार्वजनिक रस्ताच आहे, फक्त त्यावर डांबर नाही. जमीन शेतकऱ्याची, वाट सगळ्यांची. आपल्याकडे शेताच्या बांधावरून वहिवाट असते, तसंच हे. चर्चला, गिरणीवर, खाणीत, बाजाराला जाणाऱ्यांच्या पायांनी शेकडो वर्षांत या वाटा पडल्या. १९४९च्या कायद्याने त्यांची अधिकृत नकाशावर नोंद करणं स्थानिक कौन्सिलांना बंधनकारक केलं. एखादी वाट लोकांनी सलग २० वर्षं उघडपणे, कुणाची परवानगी न घेता वापरली आणि मालकाने हरकत घेतली नाही, तर आजही ती सार्वजनिक ठरू शकते. अशा नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे २,२५,००० किलोमीटर भरते.

तेव्हा कुणाच्या अंगणाच्या कडेने, कधीकधी चक्क घर आणि गोठा यांच्या मधून वाट गेली, तरी संकोच नको. सरळ चालत राहायचं. कुणी दिसलं तर 'मॉर्निंग' म्हणायचं, तेवढी इथली रीत आहे.

पण पाटीवर 'प्रायव्हेट' लिहिलेलं असतं, त्याचं काय?

बहुतेकदा ती पाटी जमिनीबद्दल असते, वाटेबद्दल नाही. वाटेपासून डावी-उजवीकडे भटकू नका, एवढाच तिचा अर्थ. 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड' ही धमकी तर बरीचशी पोकळ आहे. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं हा इथे सहसा फौजदारी गुन्हा नसतो, तो मालक आणि तुमच्यातला दिवाणी मामला असतो. (रेल्वे आणि लष्करी हद्द याला अपवाद. तिथे अजिबात शिरू नका.) उलट सार्वजनिक वाटेवर लोकांना परतवण्यासाठी खोटी पाटी लावणं हाच गुन्हा आहे.

मात्र पाटी खरी की खोटी हे कळायला हातात नकाशा हवा. हुज्जत घालून काही मिळत नाही.

खांबावरचे रंगीत बाण काय सांगतात?

फाटकाच्या खांबावर तळहाताएवढी गोल चकती असते, तिच्यावर बाण. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी. निळा म्हणजे ब्रायडलवे: पायी, घोड्यावर किंवा सायकलवर. जांभळ्या बाणाच्या वाटेवर घोडागाडीही चालते आणि लाल बाणाच्या वाटेवर मोटारीसकट सगळी वाहनं येऊ शकतात. बाणाचं टोक नीट बघा. वर जाणारा बाण म्हणजे सरळ, पण तो थोडासा तिरका असेल, तर वाट शेताच्या कडेने नसून मधोमध तिरकी कापत जाते. नवखे लोक इथेच कुंपणाला धरून चालायला लागतात आणि भलत्याच कोपऱ्यात पोचतात.

ओकच्या फळाचं, म्हणजे एकॉर्नचं चित्र दिसलं, तर तुम्ही एखाद्या नॅशनल ट्रेलवर, म्हणजे राष्ट्रीय दर्जाच्या लांब पल्ल्याच्या वाटेवर आहात. 'परमिसिव्ह पाथ' लिहिलेली वाट मालकाने स्वखुशीने उघडलेली असते. ती तो बंदही करू शकतो.

फोनवरचा नकाशा पुरत नाही का?

रोजचा गाडीचा नकाशा पुरत नाही. त्यात वाट दिसते, पण तिच्यावर तुमचा हक्क आहे की नाही हे दिसत नाही. त्यासाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा लागतो. ही सरकारी संस्था १७९१पासून देश मोजते आहे. चालणाऱ्यांसाठी नारिंगी वेष्टनाची 'एक्सप्लोरर' मालिका घ्या. तिचं प्रमाण १:२५,०००, म्हणजे नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. गुलाबी वेष्टनाच्या 'लँडरेंजर'चं प्रमाण १:५०,०००. त्यात शेतांची कुंपणं दिसत नाहीत, आणि वाट कुंपणाच्या अलीकडून की पलीकडून, हाच तर चालताना खरा प्रश्न असतो.

एक्सप्लोररवर हिरव्या तुटक रेषा शोधा. आखूड तुकडे म्हणजे फुटपाथ, लांब तुकडे म्हणजे ब्रायडलवे. काळ्या तुटक रेषेने फसू नका. तिथे जमिनीवर वाट आहे एवढंच ती सांगते, हक्काबद्दल काहीच सांगत नाही. उलटही घडतं: नकाशावर हिरवी रेषा ठळक आणि समोर नुसतं गवत. तरी वाट तीच.

तोच नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेच्या ॲपवर पैसे भरून मिळतो. घरूनच उतरवून ठेवा, कारण दरीत उतरलं की रेंज जाते. कागदी नकाशाही पिशवीत असू द्या, थंडीत फोनची बॅटरी बघता बघता संपते.

कंट्री पार्क म्हणजे नेमकं काय? नॅशनल पार्कच ना?

नाही. नॅशनल पार्क म्हणजे अख्खा मुलूख: त्यात गावं, शेतं, रस्ते, माणसं सगळं आलं. पहिलं पीक डिस्ट्रिक्ट, १९५१ सालचं. कंट्री पार्क ही १९६८च्या कायद्यातून आलेली त्यामानाने छोटी गोष्ट. शहरातल्या माणसांना गाडीने पटकन गाठता येईल असं रान, बहुधा कौन्सिलने सांभाळलेलं. इंग्लंडमध्ये अशी चारशेच्या आसपास आहेत. वाहनतळ, स्वच्छतागृह, बहुतेक ठिकाणी कॅफे, आणि रंगीत खुणांच्या गोल फेऱ्या. जिथून निघालो तिथेच परत. आत जायला सहसा पैसे पडत नाहीत, गाडी लावायला पडतात.

पहिल्यांदा कुठे जाऊ?

घराजवळच्या कंट्री पार्कात. चुकायची भीती नसताना खुणा वाचायची सवय होते. लेस्टरच्या आसपास राहत असाल तर ब्रॅडगेट पार्क: ओकची जुनी खोडं, लिन नदीचा ओढा, मोकळी फिरणारी हरणं आणि नऊ दिवसांची राणी ठरलेल्या लेडी जेन ग्रेच्या घराण्याच्या वाड्याचे विटांचे अवशेष. ही जागा १९२८ साली एका उद्योजकाने विकत घेऊन जनतेला दिली. स्लाऊकडे ब्लॅक पार्क आहे, पाइनच्या झाडीतलं तळं आणि सपाट रुंद वाटा. शेजारीच पाइनवुड स्टुडिओ असल्यामुळे हे जंगल कितीतरी चित्रपटांत येऊन गेलं आहे. बर्मिंगहॅमवाल्यांना लिकी हिल्स.

लंडनमध्ये गाडी नसेल तर ट्यूबने लाउटनला उतरा, एपिंग फॉरेस्ट चालत गाठता येतं. १८७८च्या कायद्याने ते लोकांसाठी राखलं गेलं, नाहीतर तिथे केव्हाच कुंपणं पडली असती. एक गंमत बघून या: बुंध्यापासून पुरुषभर उंचीवर एकदम दहा-पंधरा फांद्या फुटलेली बीचची झाडं. पूर्वी सरपणासाठी त्यांची डोकी त्याच उंचीवर छाटत, म्हणजे नवे फुटवे गुरांच्या तोंडाला लागत नसत. छाटणी थांबली आणि ते फुटवेच वृक्षाएवढे झाले.

थोडा सराव झाला की दऱ्या. बॉक्स हिलला लंडनहून थेट रेल्वे आहे. खाली मोल नदीत पावलापावलाचे दगड मांडलेले आहेत. पीक डिस्ट्रिक्टमधल्या डव्हडेलला तसेच दगड आहेत, आणि तिथे सुट्टीच्या दिवशी दगडांवर रांग लागते. शक्य असेल तर मधल्या वारी जा. मोठा पाऊस होऊन गेला असेल तर दोन्हीकडचे दगड पाण्याखाली जातात. वेल्समध्ये बॅनाय ब्रिखेइनिओग, म्हणजे आधीचं ब्रेकन बीकन्स, तिथल्या धबधब्यांच्या दरीत सगूड अर एइरा नावाच्या धबधब्याच्या पडद्यामागून वाट जाते. ओल्या खडकावर पाय सांभाळा.

किती वेळ लागेल हे आधी कसं कळणार?

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२चा हिशेब अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर साधारण तीन तास. हा हिशेब न थांबणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. डबा, फोटो, चिखल आणि फाटकं धरून त्यात निम्म्याची भर घाला. लहान मुलं सोबत असतील तर दुप्पट. पाट्यांवर अंतर मैलांत असतं हेही लक्षात असू द्या, पाटीवरचे ५ म्हणजे ८ किलोमीटर.

यापेक्षा महत्त्वाचा हिशेब उजेडाचा. जूनमध्ये लंडनला रात्री नऊनंतरही दिसतं, आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्या आठवड्यात हमखास कुणीतरी अंधारात अडकतं. हिवाळ्यात सकाळी नऊला चालायला लागा आणि टॉर्च जवळ ठेवा.

बूट कसले घेऊ?

सपाट कंट्री पार्कला उन्हाळ्यात धावायचे बूट चालतात. ऑक्टोबर ते एप्रिल मात्र घोट्यापर्यंतचे, पाणी न शिरणारे, खोल खाचांच्या तळाचे बूट हवेत. सह्याद्रीत पाऊस थांबला की चार दिवसांत वाटा वाळतात, इथला चिखल महिनोन्महिने वाळत नाही. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि अंगातली ऊब खेचून घेते. रेनकोट जुलैतसुद्धा पिशवीत असू द्या.

वाटेत फाटक येतं, ते उघडायचं कसं? आणि मग बंद करायचं का?

जसं होतं तसं ठेवायचं. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडंच. उघडं फाटक बहुधा जनावरं पाण्यावर जावीत म्हणून मुद्दाम ठेवलेलं असतं.

किसिंग गेट पहिल्यांदा पाहून माणूस गोंधळतो. अर्धगोल कुंपणाचा एक खोपा आणि त्यात इकडून तिकडे झुलणारं एक पान. खोप्यात शिरा, अंग आत चोरा, पान आपल्या पुढून पलीकडे ढकला आणि बाहेर पडा. एका वेळी एकच माणूस. पाठीवर मोठी सॅक असेल तर ती काढून डोक्यावर धरावी लागते. गाय-मेंढीला हे जमत नाही, म्हणून तर ती रचना. स्टाइल म्हणजे कुंपणावरून चढून जायच्या लाकडी पायऱ्या. दगडी गडग्यात कधी नुसते चार लांब दगड बाहेर काढून ठेवलेले असतात. ओल्या लाकडावर शेवाळ असतं, उतरताना तोंड कुंपणाकडे करा.

आई-बाबा भारतातून येणार आहेत. त्यांना झेपेल?

झेपेल, वाट नीट निवडली तर. अडचण सहसा चढाची नसते, स्टाइलची असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला १० किलोमीटर सपाट चालणं सोपं, पण कमरेएवढ्या कुंपणावर पाय टाकणं अवघड. म्हणून त्यांच्यासाठी कालव्याकाठच्या वाटा, धरणाभोवतीच्या फेऱ्या किंवा बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या वाटा शोधा. रेल्वेला चढ चालत नसल्यामुळे या शेवटच्या वाटा जवळजवळ सपाट असतात. पीक डिस्ट्रिक्टमधली मॉन्सल ट्रेल जुन्या बोगद्यांतून जाते आणि बाबागाडी, व्हीलचेअर दोन्हीला चालते. दर अर्ध्या तासाला टेकायला बाक आहे का, हेही आधी पाहून ठेवा. आईला ते विचारायला आवडणार नाही, पण लागेल.

शेतात गाई आहेत. घाबरायचं का?

घाबरू नका, पण गृहीतही धरू नका. आपल्याकडची रस्त्यात बसलेली गाय माणसांना सरावलेली असते. इथली गाय कळपात वाढलेली असते, दिवसचे दिवस माणूस पाहत नाही, आणि वासरू जवळ असेल तर तिला तुमच्याबद्दल खात्री नसते. दरवर्षी गाईंमुळे चालणारे जखमी होतात, क्वचित जीवही जातो.

आत शिरण्याआधी फाटकाशी उभे राहून कळप कुठे आहे ते बघा. गाय आणि वासरू यांच्या मधून कधीच जाऊ नका. लांबचा वळसा घ्या, वाट सोडावी लागली तरी चालेल. हळू, शांत, पण न थांबता चाला. कालवडी आणि खोंडं नुसत्या कुतूहलाने मागे धावत येतात. त्यांच्याकडे तोंड करून हात पसरून उभं राहिलं की बहुधा थबकतात. पळू मात्र नका. सोबत कुत्रा असेल तर त्याला आखूड दोरीवर धरा, पण गाई अंगावर आल्याच तर दोरी सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो, तुम्ही सुटत नाही.

वळूबद्दल कायदा विचित्र आहे. दुभत्या जातीचा, म्हणजे जर्सी, फ्रीजियन वगैरे, १० महिन्यांवरचा वळू सार्वजनिक वाटेच्या शेतात ठेवायला बंदी आहे. मांसासाठीच्या जातीचा वळू मात्र गाईंसोबत असेल तर चालतो. जात ओळखता येत नसेल तर सगळेच वळू टाळा.

साप, गोचीड, खाजरी झाडं?

विषारी साप एकच, अॅडर. पाठीवर नागमोडी काळा पट्टा. चाहूल लागताच तो निघून जातो. चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, हातपाय स्थिर ठेवून ९९९ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावा.

खरी काळजी गोचिडीची. वसंतापासून पानगळीपर्यंत उंच गवतात आणि नेच्यांत ती असते, तिळाएवढी किंवा त्याहून बारीक, आणि तिच्यातून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलांच्या केसांच्या रेषेत तपासा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीला लागून धरा आणि सरळ वर ओढा, पिळू नका, तेल-काडी काही नको. नंतर एक ते चार आठवड्यांत पसरत जाणारा गोल चट्टा दिसला किंवा ताप आल्यासारखं वाटलं तर डॉक्टर गाठा. पुस्तकांतला तो लालभडक चट्टा गोऱ्या कातडीवरचा असतो. आपल्या सावळ्या अंगावर तो मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो आणि सहज नजरेतून सुटतो. डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आपणहून सांगा.

नेटल नावाच्या खाजऱ्या झुडपाने तासभर आग होते, बाकी काही नाही. नदीकाठी माणसापेक्षा उंच, पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं जायंट हॉगवीड दिसलं तर हात लावू नका. त्याचा चीक लागून ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात.

ब्लूबेल पाहायला कधी जायचं?

ब्लूबेल म्हणजे जंगलातली निळी रानफुलं. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, दक्षिणेत आधी, उत्तरेत नंतर. बीच आणि ओकची पानं पुरती फुटली की जमिनीवर ऊन पोचत नाही, म्हणून त्याआधीच ही फुलं उरकून घेतात. जगातल्या साधारण निम्म्या ब्लूबेल ब्रिटनमध्ये आहेत. ज्या जंगलात त्यांचा गालिचा दिसतो ते बहुधा 'एन्शंट वुडलँड' असतं, म्हणजे १६०० सालापासून तरी सलग उभं असलेलं रान. फोटोसाठी आत पाऊल टाकू नका. पानं चिरडली की कांद्याला अन्न मिळत नाही आणि ती जागा वर्षानुवर्षं ओकीबोकी राहते. कांदे उपटणं १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे.

त्याच दिवसांत ओढ्याकाठी एकाएकी लसणाच्या फोडणीसारखा वास येतो, तो रानलसणाचा. विषारी लिली ऑफ द व्हॅलीची पानं अगदी तशीच दिसतात, तेव्हा ओळखणारा माणूस सोबत नसेल तर घरी आणू नका.

वाट सोडून रानात कुठेही फिरता येतं का?

सगळीकडे नाही. २०००च्या कायद्याने डोंगर, माळ, पठारं आणि नोंदलेली गायरानं पायी फिरायला मोकळी केली. एक्सप्लोरर नकाशावर ती पिवळसर छटेत दिसतात. इंग्लंडच्या जमिनीचा हा सुमारे ८ टक्के भाग. खासगी जंगलात मात्र वाटेवरच राहायचं. मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीवर हवा, कारण जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा तो विणीचा काळ.

एवढंही सहज मिळालेलं नाही. २४ एप्रिल १९३२ला मँचेस्टर-शेफील्डचे शेकडो गिरणी-कारखान्यांतले तरुण किंडर स्काऊटच्या पठारावर मालकांच्या रखवालदारांना न जुमानता चढले. त्यातल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. बरोबर ३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६५ला, त्याच पठाराच्या पायथ्याच्या ईडल गावातून पेनाइन वे ही देशातली पहिली राष्ट्रीय लांब पल्ल्याची वाट सुरू झाली. ईडलला रेल्वे स्टेशन आहे. सराव झाल्यावर, लांब दिवसांत, जरूर जा.

तंबू ठोकून राहता येईल? शेगडी?

मालकाच्या परवानगीशिवाय नाही. अपवाद नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या गायरानांचा. तिथला हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली कायम ठेवला. माळावर विस्तव मुळीच नको, खालचं पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची जळाऊ माती, आतल्या आत दिवसेंदिवस धुमसतं. कंट्री पार्कात शेगडीची जागा ठरवून दिलेली असेल तर तिथेच.

विधींची सोय?

निघताना कार पार्कवर उरकून घ्या. वाटेत पब लागला तर चहा-कॉफी घ्या आणि मग सोय वापरा. अगदीच वेळ आली तर पाण्यापासून आणि वाटेपासून ५० मीटर लांब, खड्डा करून, वर माती. कागद पिशवीत परत.

हरवलो किंवा पाय मुरगळला तर?

थांबा, अंगात जे असेल ते सगळं चढवा, मग नकाशा काढा. उठवत नसेल तर ९९९ लावा, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. ही स्वयंसेवक माणसं असतात, पैसे घेत नाहीत. जागा सांगताना ग्रिड रेफरन्स द्या: दोन अक्षरं आणि सहा आकडे, म्हणजे १०० मीटरच्या चौकोनापर्यंत. आवाज पोचण्याइतकी रेंज नसली तरी कधीकधी संदेश जातो, पण ९९९ला संदेश पाठवायची सोय आधी नोंदवावी लागते. आजच 'रजिस्टर' हा इंग्रजी शब्द ९९९वर पाठवून ठेवा. शिट्टीची खूण: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

स्कॉटलंडमध्ये काय वेगळं?

जवळजवळ सगळंच. २००३च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक सर्व जमिनीवर आणि तळ्यांवर जायचा हक्क दिला आहे. घराभोवतीचं अंगण आणि उभं पीक सोडून. साधा तंबूही चालतो, काही ठिकाणचे मोसमी निर्बंध सोडले तर.

वाट नांगरून टाकली आहे किंवा काटेरी तार ओढली आहे. काय करू?

शेतामधून जाणारी वाट नांगरायची परवानगी शेतकऱ्याला असते, पण पेरणीची मशागत सुरू केल्यापासून १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते, निदान १ मीटर रुंद. कडेची वाट नांगरताच येत नाही. पीक उभं असलं तरी तुम्ही वाटेच्या रेषेतून सरळ जाऊ शकता. आपण शेतकऱ्यांची पोरं-नातवंडं, गव्हात पाय टाकायला जीव होत नाही हे खरं. पण रांगेत एकामागे एक चाललात तर नासाडी कमीत कमी होते.

तार किंवा कुलूप असेल तर फोटो काढा, ग्रिड रेफरन्स टिपा आणि कौन्सिलच्या 'राइट्स ऑफ वे' विभागाकडे ऑनलाइन तक्रार टाका. वाट मोकळी ठेवून घेणं हे त्यांचं कायदेशीर काम आहे. महिने लागतात. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा आणि महिन्याने पुन्हा विचारा.